अ‍ॅम्फिलिसची मुलं

१७९२ सालच्या मे महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टन फिलाडेल्फियात होते. अमेरिकेची राजधानी तेव्हा तिथे होती आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाची पहिली मुदत संपत आली होती. पाच महिन्यांपूर्वी लंडनहून लिहिलेल्या एका पत्राचं उत्तर त्यांनी २ मे रोजी लिहिलं. पत्र होतं सर आयझॅक हर्ड यांचं. हर्ड म्हणजे ‘गार्टर किंग ऑफ आर्म्स’. इंग्लंडात कोणतं घराणं कुठून आलं, कुणाला कोणतं कुलचिन्ह लावायचा हक्क आहे, याचा निवाडा करणारा राजाचा सर्वांत वरचा अधिकारी. ज्या राजाशी वॉशिंग्टन आठ वर्षं लढले, त्याच राजाच्या पदरचा हा माणूस त्यांना विचारत होता : तुमचं मूळ गाव कोणतं?

वॉशिंग्टन यांनी सरळ लिहून टाकलं की या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही. पणजोबा जॉन आणि त्यांचा भाऊ लॉरेन्स १६५७च्या सुमारास व्हर्जिनियात आले, इतकं ठाऊक होतं. कुठून आले? घरातली वडीलधारी माणसं उत्तर इंग्लंड म्हणत. पण लँकेशायर, यॉर्कशायर की त्याच्याही वरचा एखादा परगणा, ते नीट आठवत नाही. बाकीचे तपशील गोळा करायला त्यांनी आपल्या चुलत भावजयीला, हॅना फेअरफॅक्स वॉशिंग्टन यांना, आधीच पत्र टाकलं होतं. नात्यागोत्याची माहिती हवी तर घरातल्या बाईलाच विचारायचं, हे त्या राष्ट्राध्यक्षांनाही कळत होतं. पुढे शंभर वर्षं ज्यांनी या घराण्याचा शोध घेतला, त्यांतल्या बहुतेकांना मात्र ते सुचलं नाही आणि सगळा घोळ तिथेच झाला.

हर्ड यांचं कुतूहल नुसतं कचेरीतलं नव्हतं. तरुणपणी त्यांचा बॉस्टनशी संबंध आला होता आणि पत्नी कॅथरीन मूळची बॉस्टनचीच, विधवा, पहिल्या लग्नाची मुलं असलेली. त्या मुलांपैकी एक म्हणजे डेव्हिड ऑक्टरलोनी. १८०४च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा दिला, तेव्हा शहर राखणारा कंपनी सरकारचा रेसिडेंट तो हाच. होळकरांना दिल्लीच्या तटाशी अडवणारा अधिकारी जन्माने अमेरिकन होता आणि त्याचे सावत्र वडील लंडनमध्ये बसून वॉशिंग्टन यांचा वंशवृक्ष जुळवत होते!

व्हर्जिनियातल्या कागदांत जॉन वॉशिंग्टन पहिल्यांदा भेटतो तो अडचणीत सापडलेला. ‘सी हॉर्स’ नावाचं लंडनचं जहाज तंबाखू भरायला पोटोमॅक नदीत आलं होतं. जॉन त्यावर खलाशांचा अधिकारी. १६५७च्या आरंभी परतीच्या वाटेवर वादळात जहाज गाळात रुतलं. ते निघेपर्यंत जॉनचं मन बदललं. त्याला तिथेच राहायचं होतं. जहाजाचा कर्ता एडवर्ड प्रेस्कॉट आणि तो यांच्यात पैशावरून जुंपली, तेव्हा नॅथॅनिएल पोप नावाच्या बागायतदाराने बीव्हरची कातडी देऊन जॉनची हमी घेतली. पुढे याच पोपच्या मुलीशी, अ‍ॅनशी, जॉनचं लग्न झालं आणि सासऱ्याने सातशे एकर जमीन दिली.

दोन वर्षांनी प्रेस्कॉट पुन्हा कागदांत येतो. त्याच्या जहाजावर एलिझाबेथ रिचर्डसन नावाच्या बाईला चेटकीण ठरवून फाशी दिली, अशी तक्रार जॉनने मेरिलँडच्या गव्हर्नरकडे केली. खटल्याची तारीख पडली १६५९च्या ऑक्टोबरात. जॉनने ३० सप्टेंबरला कळवलं : त्या दिवशी येता येणार नाही, धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा ठरला आहे आणि आमंत्रणं गेली आहेत. साक्षीदार नाही म्हणून प्रेस्कॉट सुटला. त्या बाईला न्याय मिळाला नाही. वंशावळ जुळवणाऱ्याच्या हाती मात्र एक पक्की तारीख लागली, कारण तो बाप्तिस्म्याचा मुलगा म्हणजे लॉरेन्स, राष्ट्राध्यक्षांचा आजा. चर्चच्या वहीत जे सापडत नाही, ते कधी कधी असं फौजदारी दप्तरात सापडतं.

पण या दोघा भावांचा बाप कोण, हे व्हर्जिनियातला एकही कागद सांगत नव्हता.

हर्ड यांच्यापुढे होती ती १६१८ सालची नॉर्थॅम्प्टनशायरची पाहणी. राजाचे अधिकारी परगण्या-परगण्यातून फिरत आणि खानदानी घराण्यांच्या वंशावळी उतरवून घेत. त्यात सलग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टनांची नोंद होती. हे घराणं कष्टाने वर आलेलं. लोकरीचा व्यापार करणारा एक लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थॅम्प्टनचा दोनदा मेयर झाला; मठ बरखास्त होऊन त्यांच्या जमिनी विकायला निघाल्या, तेव्हा १५३९मध्ये त्याने सलग्रेव्हची जहागीर सरकारकडून विकत घेतली. पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबड्या चांदण्या, हे या घराण्याचं चिन्ह. व्हर्जिनियाचे वॉशिंग्टन हेच चिन्ह वापरत. वॉशिंग्टन शहराचा १९३८ साली ठरलेला ध्वज पाहिलेल्या वाचकाला ते ओळखीचं वाटेल.

या व्यापाऱ्याचा नातूही लॉरेन्सच. त्याच्या मुलांत एक जॉन आणि एक लॉरेन्स होता. हर्ड यांनी तर्क केला : हेच दोघे व्हर्जिनियाला गेले असणार. नावं जुळत होती, चिन्ह जुळत होतं, काळही ढोबळमानाने जुळत होता. तर्क म्हणून मांडलेली ही जुळणी जॉर्ज बेकरच्या नॉर्थॅम्प्टनशायरच्या इतिहासात छापली गेली, जॅरेड स्पार्क्सच्या चरित्रात आली, १८५५ला वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या चरित्रातही आली. तीन पुस्तकांत छापलेल्या गोष्टीला मग कोण हटकणार? आपल्याकडे बखरीतलं वाक्य तीन पिढ्यांनी उचललं की इतिहास होऊन बसतं, तसंच हे झालं.

या सुमारास अमेरिकेत वंशावळींचं खूळ वाढत होतं. १८४५मध्ये बॉस्टनला न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटी निघाली, ती खऱ्या अभ्यासकांची. पण बाजारही भरला होता. अल्बर्ट वेल्स नावाच्या गृहस्थाने १८७९ला एक जाडजूड ग्रंथ काढून वॉशिंग्टनांचा वंश थेट ओडिनपर्यंत, म्हणजे उत्तरेकडच्या पुराणातल्या देवापर्यंत, पंचावन्न पिढ्या मागे नेऊन भिडवला. थोड्या वर्षांनी न्यूयॉर्कात गुस्टाव्ह अँजू हा स्वीडिश इसम श्रीमंत अमेरिकन घराण्यांना सुमारे नऊ हजार डॉलर घेऊन वंशावळी करून देऊ लागला. त्यांत खऱ्या नोंदी आणि बनावट मृत्युपत्रं अशी बेमालूम मिसळलेली असत की अभ्यासक ती चूक अजून निस्तरत आहेत. अँजूचा मला मनापासून राग येतो. पैसे बुडाले ते गिऱ्हाइकांचे, पण खोटी नोंद एकदा खऱ्यात मिसळली की त्या घराण्यात पुढे जन्मणाऱ्या प्रत्येकाची वाट बुजते.

हर्ड यांची जुळणी मोडली ती जोसेफ लेम्युएल चेस्टर या कनेक्टिकटच्या माणसाने. चेस्टर लंडनला आला तो कायमचा राहिला, आणि इंग्लंडभरच्या चर्चच्या वह्या उतरवून घेण्यात त्याने आयुष्य घातलं. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या जन्म-लग्न-दफनाच्या नोंदी त्यानेच छापून काढल्या. त्या कामासाठी अ‍ॅबीत त्याच्या नावाची पाटी आहे. १८६६ला त्याने दाखवून दिलं की पाहणीतला जॉन हा नाइट झालेला सर जॉन, थ्रॅपस्टनला राहणारा. व्हर्जिनियाच्या जॉनला कुठल्याही कागदात कुणी ‘सर’ म्हटलेलं नाही. आणि पाहणीतला लॉरेन्स हा ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो, पुढे धर्मगुरू झालेला. व्हर्जिनियाचा लॉरेन्स साधा व्यापारी-बागायतदार. माणसंच वेगळी. हर्ड यांची इमारत पडली, आणि तिच्या जागी काहीच उरलं नाही. राष्ट्रपित्याला आजा-पणजा होता, पण खापरपणजा नव्हता, अशी अमेरिकेची स्थिती झाली.

आता यापुढचा भाग सावकाश सांगायला हवा. १८८३मध्ये बॉस्टनच्या त्या सोसायटीने सेलमच्या हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्सला इंग्लंडला पाठवलं. सॉमरसेट हाउसमध्ये शतकानुशतकांची मृत्युपत्रं होती. वॉटर्सची पद्धत अशी की एकच नाव धरून शोधायचं नाही. मृत्युपत्रं वाचत जायचं आणि अमेरिकेशी धागा दिसला की टिपून ठेवायचा. हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचं नाव आहे, त्या जॉन हार्वर्डचे आईबाप त्याने असेच शोधून काढले होते. १८८९ला त्याने वॉशिंग्टनांवरचा आपला शोध प्रसिद्ध केला.

सुरुवात ल्यूटनपासून. व्हर्जिनियात गेलेल्या धाकट्या भावाचं, लॉरेन्सचं, मृत्युपत्र १६७५चं. त्यात तो इंग्लंडातली आपली मालमत्ता मेरी या मुलीला देतो. बेडफर्डशायरमधल्या ल्यूटनला त्याचं पहिलं लग्न झालं होतं, ही मेरी तिथली. ल्यूटनच्या आसपास वॉशिंग्टन कुठे राहत? शेजारच्या हर्टफर्डशायरमध्ये, ट्रिंग गावी. ट्रिंगच्या बाप्तिस्म्याच्या वहीत १६३५ला लॉरेन्स, १६३६ला एलिझाबेथ, १६४१ला विल्यम. बापाचं नाव लॉरेन्स वॉशिंग्टन. जॉन मात्र त्या वहीत नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर पुन्हा हर्ड यांच्यासारखा तर्कच हाती राहिला असता. लॉरेन्स नावाचे वॉशिंग्टन त्या काळी इंग्लंडात ठिकठिकाणी होते.

मग सापडला अँड्र्यू नोलिंग. ट्रिंगचा हा माणूस वॉशिंग्टन नव्हेच, म्हणून वॉशिंग्टन हे नाव शोधत बसलेल्या कुणालाच तो दिसला नव्हता. १६५०च्या सुमारास मंजूर झालेल्या मृत्युपत्रात त्याने आपली जमीनजुमला दिला तो लॉरेन्स वॉशिंग्टन या धर्मपुत्राला. आणि आपली सावत्र मुलगी अ‍ॅम्फिलिस वॉशिंग्टन हिच्या इतर मुलांना थोडं थोडं. मुलांची नावं : जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. दुसऱ्या नवऱ्याने बायकोच्या पहिल्या घरच्या नातवंडांना आठवणीने वाटून दिलेल्या त्या कागदात सहा भावंडं एका जागी आली. अ‍ॅम्फिलिस १६५५ला ट्रिंगला वारली आणि फेब्रुवारी १६५६ला तिच्या मिळकतीचा कारभार पाहण्याचा अधिकार मिळाला जॉनला. त्यानंतर वर्षाच्या आत व्हर्जिनियात जॉन वॉशिंग्टन उगवतो.

आता पाण्यापलीकडचा पुरावा. जॉनचं मृत्युपत्रही १६७५चंच. त्यात तो मार्था या बहिणीला पैसे आणि तंबाखू देतो, आणि तिला इंग्लंडहून आणायचा खर्च तिच्याकडून येणं होता, तो सोडून देतो. ही मार्था व्हर्जिनियात सॅम्युअल हेवर्डशी लग्न करून राहिली आणि तिने १६९७ला स्टॅफर्ड काउंटीत आपलं मृत्युपत्र केलं. त्यात दोन बहिणींची नावं आहेत, दोघीही इंग्लंडात : थोरली एलिझाबेथ रम्बोल्ड आणि दुसरी मार्गारेट टॅलबट. एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. नोलिंगच्या मृत्युपत्रातल्या तिघी बहिणी अर्ध्या शतकानंतर समुद्रापलीकडच्या कागदात पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या. जॉन आणि लॉरेन्स ही जोडी कुठेही सापडली असती. या तिघींची जोडणी दुसऱ्या घरात सापडणं जवळपास अशक्य.

तरी एक सांधा राहिला होता : ट्रिंगची ही माणसं सलग्रेव्हचीच कशावरून? तो जुळला आत्याकडून. एलिझाबेथ म्यूस ही माहेरची वॉशिंग्टन, सलग्रेव्हच्या घरातली, ऑक्सफर्डच्या त्या धर्मगुरू लॉरेन्सची सख्खी बहीण. १६७६च्या मृत्युपत्रात तिने आपली भाची म्हणून जिचं नाव लिहिलं, ती एलिझाबेथ रम्बोल्ड. म्हणजे अ‍ॅम्फिलिसचा नवरा तोच धर्मगुरू. हर्ड यांनी ज्याला व्हर्जिनियाला पाठवलं होतं, तो व्हर्जिनियाला गेलेल्यांचा बाप निघाला. घर बरोबर होतं. एक पिढी चुकली होती. लॉरेन्सच्या मुलांत जॉन आणि लॉरेन्स, त्या लॉरेन्सच्याही मुलांत जॉन आणि लॉरेन्स. नुसत्या पुरुषांच्या नावांवर चाललेला शोध शंभर वर्षं या भोवऱ्यात फिरला, आणि त्यातून बाहेर काढलं ते सावत्र आजोबाने, तीन बहिणींनी आणि एका आत्याने. ही गोष्ट मला वॉशिंग्टन घराण्याच्या मोठेपणापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. वंशवृक्षाच्या कडेला लिहिलेली किंवा मुळीच न लिहिलेली माणसं हीच पुराव्याची जागा असते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

त्या धर्मगुरूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याविषयीचे कागदही एकमेकांशी भांडतात. ऑक्सफर्डच्या फेलोला लग्न करायची मुभा नसे. लॉरेन्सने ती जागा सोडली आणि एसेक्समधल्या पर्ली गावची चांगल्या उत्पन्नाची वृत्ती घेतली. १६४२ला राजा आणि पार्लमेंटमध्ये यादवी पेटली. पार्लमेंटच्या पक्षाने राजनिष्ठ धर्मगुरू हुसकायला सुरुवात केली, आणि १६४३ला पर्लीची जागा गेली. त्याच साली छापलेल्या एका चोपडीत त्याच्यावर आरोप आहे की तो रोज दारूच्या गुत्त्यात पडून असे आणि दुसऱ्यांनाही पाजत असे. १७१४ला जॉन वॉकरने अशा हुसकलेल्या धर्मगुरूंची हकीकत छापली. तिच्यात एका न्यायाधिकाऱ्याची आठवण आहे : मी त्यांना ओळखत होतो, ते सभ्य, शांत माणूस होते, झिंगलेले कधी पाहिले नाहीत. पुढे त्यांना एक वृत्ती मिळाली, पण ती इतकी दरिद्री की दुसरं कुणी घेईना.

यातलं खरं काय? माझं मत वॉकरच्या बाजूने जातं. त्या चोपडीत शंभर धर्मगुरूंची नावं आहेत आणि गुत्त्याचा आरोप पानापानावर आहे. ज्यांच्या जागा बळकावायच्या, त्यांना बदनाम करायचं ते साधन होतं. वॉकरही पक्षपातीच होता, पण त्याच्याकडे ओळखीच्या माणसाची साक्ष आहे. लॉरेन्स १६५३ला माल्डनला वारला. तिथल्या वहीत २१ जानेवारी १६५२ असं दफन लिहिलं आहे, कारण इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागे. ही एक गोष्ट लक्षात न घेता तारखा जुळवणाऱ्यांनी बापाआधी मुलगा मेला, लग्नाआधी पोर झालं, असे कितीतरी खोटे प्रश्न उभे केले आहेत. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्या वेळच्या पंचांगाने ११ फेब्रुवारी १७३१चा. १७५२ला पंचांग बदललं आणि तो २२ फेब्रुवारी १७३२ झाला.

घर गेलं, बाप गेला, दोन वर्षांत आई गेली. विशीतला थोरला मुलगा जहाजावर चढला. याला वेगळं कारण शोधायला नको.

आता त्या उत्तरेकडच्या आठवणीचं काय? ट्रिंग, पर्ली, सलग्रेव्ह, यांतलं एकही गाव उत्तरेत नाही. घरच्या म्हाताऱ्यांची आठवण चुकली, असंच वरवर दिसतं. पण सलग्रेव्ह घेणाऱ्या लोकरीच्या व्यापाऱ्याचं मूळ घर लँकेशायरमधल्या वॉर्टनचं. आणि त्याच्याही मागे, बाराव्या शतकात, विल्यम दे हर्टबर्न याने डरहॅम परगण्यात वेसिंग्टन नावाची जहागीर घेऊन तेच नाव लावलं. वॉशिंग्टन हे त्याचंच पुढचं रूप. लँकेशायर, किंवा त्याच्याही वर : राष्ट्राध्यक्षांनी चाचपडत लिहिलेले दोन्ही पर्याय घराण्याच्या वाटेवर आहेत. हा निव्वळ योगायोग असू शकेल. मला मात्र वाटतं की घराने जुनं मूळ जपलं आणि मधली दीडशे वर्षं गाळली. तोंडी आठवण असंच करते. म्हणून ती फेकून देऊ नये. फक्त ती नेमकी कुठल्या पिढीची आहे, हे कागदाला विचारावं.

१९१४ला इंग्लंडात वर्गणी काढून सलग्रेव्हचा वाडा विकत घेण्यात आला आणि १९२१ला तो लोकांसाठी खुला झाला. अलीकडे डीएनएही आलं आहे. वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांचा भाऊ सॅम्युअल याच्या वंशजांचे अवशेष तपासून केलेला अभ्यास २०२४ला प्रसिद्ध झाला. डीएनए दोन माणसं एका वंशाची आहेत हे सांगतं. ट्रिंगमधली कोण कुणाची आत्या होती, हे सांगायला मृत्युपत्रच लागतं.

आणि मृत्युपत्र करायचा हक्क सगळ्यांना नव्हता; गुलामांना तर नव्हताच. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या राहत्या इस्टेटीची, माउंट व्हर्ननची, जमीन घराण्याला ज्या दाव्यावर मिळाली, तो दावा माणसं आणल्याचा होता : व्हर्जिनियात एक माणूस आणला की ५० एकर. जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांना तिथली ५,००० एकरांची सनद मिळाली. जॉन स्थायिक झाला त्यानंतर थोड्याच वर्षांनी, डिसेंबर १६६२ला, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला : मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. गुलाम बाईच्या पोटी मालकाचं मूल जन्मलं तरी ते मालकाची मालमत्ताच व्हावं, इतका तो क्रूर आणि सरळ होता. त्यामुळे गोऱ्यांच्या वंशावळीत बापाचं नाव राहिलं आणि आईचं पुसलं गेलं. गुलामांच्या यादीत आईचं राहिलं आणि बापाचं गेलं.

१७९९ला, मरणाच्या वर्षी, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्ननच्या गुलामांची यादी केली. ३१७ माणसं. त्यांपैकी १२३ त्यांच्या मालकीची. त्यांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं आणि मार्था वॉशिंग्टन यांनी ते १ जानेवारी १८०१लाच केलं. उरलेल्यांत बहुतेक मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे. ते सुटले नाहीत, वारसांत वाटले गेले. एकाच घरातला नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम, असं अनेक ठिकाणी झालं.

अमेरिकेच्या २०००च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक होते. त्यांतले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. ते सगळे माउंट व्हर्ननचे वंशज नाहीत; स्वातंत्र्य मिळाल्यावर हे आडनाव अनेकांनी घेतलं. त्यांच्या पूर्वजांची नाव-आडनावासह सर्वत्र नोंद झाली ती पहिल्यांदा १८७०च्या जनगणनेत, आणि त्याच्या मागे जायचं तर मालकांचे हिशेब आणि मृत्युपत्रंच चाळावी लागतात. त्यांच्यापैकी जे माउंट व्हर्ननपर्यंत पोचतात, त्यांनी १७९९च्या यादीत आधी आईचं नाव शोधावं. मुलं तिच्या नावाखाली लिहिलेली आहेत, आणि नवऱ्याचं नाव असलंच तर तिच्या नावापुढे शेऱ्यात आहे.